फाळक्यावरची खूण

सकाळी सव्वासातला पैठण रस्त्यावरच्या नव्या वसाहतीत पाण्याचा ट्रक आला. ट्रक मूळचा लष्कराचा. गोकुळनं तो लिलावात घेतला, निळा रंगवला आणि दुष्काळात त्यावर टाक्या ठेवून तो पाणी पुरवू लागला. बानाबाईचा नंबर आला, तरी तिनं हंडा लावला नाही. ती ट्रकच्या मागच्या लाकडी फाळक्यावर बोटं फिरवत राहिली.

"मावशी, लाकडाला पाझर फुटायचा नाय. हंडा लावा," गोकुळ म्हणाला.

"ह्या दोन खाचा अन् मधी भोक, हे कुणी पाडलं?"

"आधीचंच हाय. कुण्या फौजी ड्रायव्हरनं कोरलं असंल."

"आमच्या मेंढरांच्या कानाला हीच खूण असायची," ती म्हणाली. "माझा अजिनाथ मिलिटरीत असलीच गाडी चालवायचा. सात वर्सं झाली. रजेवर निघाला, तो घरी पोचलाच नाय."

गोकुळनं हातातला पाइप खाली ठेवला.

"चुकलेलं मेंढरू ज्याला घावंल, त्यानं खूण बघून धन्याच्या दारात आणून सोडायचं, अशी आमच्यात रीत हाय," एवढं बोलून बानाबाईनं हंडा भरला आणि ती निघून गेली.

ट्रक एक दिवसाआड येतो. रांग चौकात लागलेली असते, पण त्या दिवसापासून गोकुळ आधी गाडी बोळात वळवून बानाबाईच्या दारात उभी करतो. बानाबाई बाहेर येते, अगोदर केबिनमध्ये डोकावून बघते आणि मग हंडा लावते.