घोटभर चहा

पियाल्यात पुन्हा घोटभरच चहा. झुमरादनं तो संपवला आणि नकाशावरून मान वर न करता ओरडली, "ओपा, मी काय चिमणी आहे?"

"चिमणी एवढी कण्हत नाही," खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ओयदिन-ओपा म्हणाल्या. वयानं थोरल्या, म्हणून सगळ्या कचेरीच्या त्या ओपा, मोठ्या ताई. किटली त्यांच्या खिडकीत, आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. "हवाय ना? मग ऊठ, ये इकडं."

झुमराद कंबर धरून उठली. नमंगान शहरातल्या त्या मोजणी कचेरीत नकाशे काढता काढता तिची कंबर कामातून गेली होती. डॉक्टर म्हणाले होते, कमी बसा. ते तिनं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. मलम झालं, पट्टा झाला, गरम मिठाची पुरचुंडी झाली.

"घरी पाहुण्यालाही थोडाच ओततात, ओपा, पण तो बसून राहावा म्हणून! काठोकाठ दिला की पाहुण्यानं समजायचं, निघा आता. तुम्ही तर मला बसूच देत नाही."

"चिक्कू आहे मी," ओपा म्हणायच्या.

हिवाळा सरता सरता दुखणं थांबलं. श्रेय मलमाला मिळालं.

मग ओपा अंथरुणाला खिळल्या. झुमरादनं किटली आपल्या टेबलावर आणून ठेवली. हाताशी हवा तेवढा चहा, उठायची कटकट नाही. महिन्याभरात कंबर पुन्हा धरली. तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला.

ती तशीच ओपांच्या घरी गेली. त्या गाद्यांवर भिंतीला टेकून होत्या, पाखराएवढ्या झालेल्या.

"मलम नव्हतं ते," झुमराद म्हणाली.

"कळलं? उशीरच केलास, वेडे."

ओपांनी घरातली किटली मागून घेतली. झुमरादच्या पियाल्यात ओतू लागल्या. चहा वर वर चढत गेला, काठाला आला, तेव्हाच धार थांबली.

"ऊठ आता," त्या हळूच म्हणाल्या. "फार वेळ बसलीस."

झुमरादनं पियाला दोन्ही हातांत घेतला. कंबर ठणकत होती. ती हलली नाही.

"फार गरम आहे, ओपा," ती म्हणाली. जरा वेळानं पुन्हा म्हणाली, "अजून गरमच आहे."

चहा केव्हाच गार झाला होता.