फ्रीमाँटमधली वास्तुशांत

"डोकं सांभाळा अप्पा, चौकट बुटकी आहे," असं विनय म्हणेपर्यंत अप्पांनी जोडे बाहेर काढून, वाकून आत पाऊल ठेवलंसुद्धा. उजवं.

"बुटकी असली की माणूस आपोआप वाकतो. शहाण्या माणसाचं काम दिसतंय," म्हणत त्यांनी खांबावर टिचकी मारली. नागपूरला पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर म्हणून जन्म काढलेला माणूस. घर डोळ्यांनी नाही, बोटांनी बघायचा.

पण हे घर विनयचं नव्हतंच.

घर मिस्टर हिराईंचं. त्यांच्या वडिलांनी पन्नास वर्षांपूर्वी जपानी पद्धतीनं बांधलेलं. हिराई स्वतः सुतार. आता सगळ्या कुटुंबानं एकत्र राहावं म्हणून ते घर नव्यानं करून घेत होते. खाली त्यांची नव्वदीची आई, वर मुलगा, सून, नातवंडं राहणार होती. आणि विनय त्यांच्या हाताखाली फळ्या उचलायचा, रंधा मारायचा. आठ महिन्यांपूर्वी एका शुक्रवारी कॉम्प्युटर चिपच्या कंपनीनं चारशे जणांना घरी पाठवलं, त्यात हा इंजिनिअरही गेला. नागपूरला कळवायची लाज वाटली, म्हणून त्यानं भलतंच कळवलं: घर घेतलंय, जुनं जपानी, दुरुस्ती चालू आहे. वर फोटो जोडले. मूर्खपणा नुसता! फोटो बघून अप्पा थेट विमानातच बसले.

आज रविवार, हिराई सॅक्रामेंटोला मुलाकडे. हत्यारांसाठी म्हणून किल्ली विनयकडे असायची. तासाभरात घर दाखवायचं, गुरुवारी अप्पांना विमानात बसवायचं, आणि तोवर त्यांना काही कळू द्यायचं नाही, एवढाच त्याचा बेत. बायको आली नव्हती. "त्या नाटकात मला ओढू नकोस यार. मला अप्पांच्या तोंडाकडे बघवत नाही," सुमेधानं साफ सांगितलं होतं.

"ह्या चटया झकास आहेत हं. तुझी आई मांडी घालून बसेल," अप्पा म्हणाले. "पण ही कागदाची दारं? मी घोरलो तर गल्लीला कळायचं!"

"म्हाताऱ्या माणसांच्या खोलीला पक्की भिंत घातलीय. आत फायबरग्लास भरलंय, आवाज बाहेर जात नाही. उंबरा काढून टाकला, गुडघ्यांना त्रास नको. मोरीत धरायला दांडा बसवलाय."

हे मात्र सगळं खरं होतं. दांडा त्यानं स्वतःच्या हातानं बसवला होता.

"हात बघू," अप्पा म्हणाले. तळव्याचे घट्टे त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिले. "हे काय?"

"वीकेंडला मीच करतो थोडंफार."

"शाबास," अप्पा म्हणाले. त्या एका शब्दानं विनयला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग अप्पांनी पिशवी उघडली. सुपाऱ्या, कुंकू, तांब्या, दोन नारळ. "साग्रसंगीत वास्तुशांत नंतर करू. आज नुसती गणपतीची पूजा. बैस."

"अप्पा, आत्ता नको. अजून काम पूर्ण…"

"अरे, मालकानं बसल्याशिवाय घर आपलं म्हणत नाही. बैस म्हणतो ना!"

बसला. काय करतो! अप्पांनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर पाणी घातलं. "म्हण, ही माझी वास्तू माझ्या कुळाला लाभो."

विनय पुटपुटला.

"मोठ्यानं. वास्तूला ऐकू गेलं पाहिजे."

त्यानं मोठ्यानं म्हटलं. मान वर केली तर दारात हिराई उभे. बूट काढून, हात पुढे बांधून, किती वेळ कुणास ठाऊक.

"हे कोण?" अप्पांनी विचारलं.

हिराईंना कळावं म्हणून विनय इंग्रजीत म्हणाला, "माझे वडील. आणि हे मिस्टर हिराई. आमचे सुतार."

हिराईंनी त्याच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं, पुढ्यातल्या सुपारीकडे पाहिलं. मग कमरेत वाकून म्हणाले, "हो. सुतार."

अप्पा खूश! कारागिराचा मान करायलाच हवा, म्हणून त्यांनी पिशवीतून टॉवेल-टोपी काढली, वर नारळ ठेवला. स्वतःच्याच घरात हिराईंनी तो मान दोन्ही हातांनी घेतला, आणि टोपी डोक्यावर चढवलीसुद्धा. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं विनयला वाटलं. त्यांनी शिवी दिली असती तर परवडलं असतं.

"खरं सांगा," अप्पांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "माझ्या मुलाचं घर टिकेल?"

हिराईंनी खांबाकडे पाहिलं. "जुने खांब शंभर वर्षं टिकतील. नवीन काम तुमच्या मुलानं केलंय. काम चोख आहे. म्हातारी माणसं इथं सुखानं राहतील."

अप्पांचे डोळे भरून आले.

निघताना विनय मागे रेंगाळला. "सर, आय ॲम सॉरी…"

"वडिलांना गाडीत एकटं ठेवू नये," हिराई म्हणाले. "उद्या सात वाजता या."

गाडी चालवताना विनयला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीही लाज वाटली. उद्या हिराईंचे पाय धरायचे आणि अप्पा परत पोचले की सगळं खरंखरं लिहून कळवायचं, असं त्यानं ठरवून टाकलं.

"थांब जरा," अप्पा म्हणाले. कोपऱ्यावर टपालाची निळी पेटी होती. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून तिकिटं लावलेलं जाड पाकीट काढलं, उतरून पेटीत टाकलं, झाकण पुन्हा उघडून आत गेल्याची खात्री केली आणि गाडीत येऊन बसले.

"आईला पत्र?"

"छे, शेजारच्या उल्हासला. आपलं नागपूरचं घर तोच घेतोय. मी आणि तुझ्या आईनं सह्या करून कागद तयार ठेवले होते, पण म्हटलं, आधी पोराचं घर डोळ्यांनी बघू. बरोबर परत नेले तर तिथं पुन्हा जीव अडकायचा, म्हणून इथूनच टाकले. आता तिकडे घर ठेवून काय करायचंय? तुझ्या आईनं तर भांडीसुद्धा वाटून टाकलीत."