बोंबलणारं मशीन

साहेब, जन्मभर राबवून घेतलंत आणि एका सकाळी तुम्ही त्या म्हाताऱ्या फिटरला चिपाडासारखं कारखान्याबाहेर फेकलंत. तो घरी भिंतीकडे तोंड करून पडला, तो पडलाच. उठला ते बायकोची अंगठी समुद्रावर हरवली असं कळलं तेव्हा. आता रोज ओली वाळू उपसतो, घामाघूम होऊन घरी येतो आणि आल्या आल्या जेवायला मागतो. पण त्याचे गुडघे बोलायला लागले, म्हणून बायको वाळूतला धातू उभ्याने शोधायचं मशीन घ्यायला दुकानात आली.

"काकू, हे स्वस्तातलं कोरड्या वाळूचं," दुकानदार म्हणाला. "खाऱ्या पाण्याजवळ नेलं की मिठालाच धातू समजून उगाच बोंबलत बसतं. हे दुसरं मिठाला भीक घालत नाही. आठवड्यात अंगठी तुमच्या बोटात!"

"बोंबलणारंच द्या."

"अहो, मग अंगठी जन्मात सापडायची नाही!"

तिने पर्समधून रुमाल काढून गाठ सोडली. आत अंगठी होती.

"पिठाच्या डब्यात पडली होती मेली. ह्यांना दाखवली, तर उद्या सकाळी हे कशासाठी उठतील? सांगा ना!"