घरचा काटा

यशोधरा रोज पहाटे कालव्याच्या कडेनं तासभर चालून यायची आणि आल्याबरोबर वजनकाट्यावर उभी राहायची. महिना झाला तरी वजन उतरायचं नाव नाही, उलट किलोभर वरच.

"व्यायाम नवा असला की अंग पाणी धरतं, काटा वरखाली होतोच," दवाखान्यातल्या सिस्टर सुरुवातीलाच म्हणाल्या होत्या.

तिच्या आईला, कलाबाईला, ते पटलं नव्हतं. "तुझा बांधाच तसला हाय बाई. सोड आता ते चालनं."

आज यशोधरा लवकर परतली. कलाबाई काट्याशी बसून त्याच्या कडेची चकती फिरवत होती. रिकाम्या काट्यावर सुई तीन किलो दाखवत होती.

लेकीला बघून म्हातारीचा हात थांबला. "वजन उतरलं की डॉक्टर तुझी किडनी काढून मला बसवनार," ती खाली बघत म्हणाली. "तुझी लेकरं लई लहान हायती गं."

यशोधरा शेजारी बसली. आईचा सुजलेला हात तिनं मांडीवर घेतला.

"दवाखान्यातल्या काट्यावर वजन केव्हाच उतरलंय, आई. तारीखही मिळालीय. इथं तर मी नुसती तुझ्या समाधानासाठी उभी राहत होते."