आधार कोणाचा?
शिंपीण कचेरीत गेली होती लग्नानंतरचं आडनाव लावून घ्यायला आणि अपंगांचं मासिक अनुदानच घालवून बसली. सहा वर्षांपूर्वी अर्जातल्या ‘आधार कोणाचा?’ या रकान्यात तिनं भाबडेपणानं ‘कुबडीचा’ असं लिहिलं होतं. टेबलामागच्या बाईंनी आज ते खोडून वर ‘नवऱ्याचा’ असं खरडलं. “नवरा मिळाला, अनुदान संपलं. नियम म्हणजे नियम.” “अहो, तो घड्याळं दुरुस्त करतो. त्याचीच खायची मारामार!” “मग लग्नाची हौस कशाला केलीत?” बाई फणकारल्या. “आता तोच सांभाळेल तुम्हाला.” शिंपिणीच्या एकुलत्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं काखेतली कुबडी काढून टेबलावर आपटली. “घ्या, सरकारजमा करा. आता माझ्याकडे नवरा आहे!” एका पायावर तिचा तोल गेला. बाईंनी झटकन उठून तिचा दंड धरला. “सोडा!” ती कडाडली. “त्या रकान्यात तुमचं नाव नाही.”