हातचूक

पाचव्यांदाही यंत्राचंच खरं निघालं.

मुलीच्या डोक्यावर तारांची टोपी होती, केसांत थंड चिकट जेल, समोर दोन बटणं. डावं किंवा उजवं, मनात येईल ते दाबायचं. मोजायचं नाही, आलटूनपालटून करायचं नाही. पण मेंदूतल्या लहरी वाचून यंत्र तिचं उत्तर आधीच सांगून मोकळं व्हायचं, दहातल्या सात वेळा तरी. यंत्र सांभाळणाऱ्या मावशी हसून म्हणाल्या की बाई गं, तुझ्या मनातलं तुझ्याआधी आम्हालाच कळतं, तू कसली गुपितं ठेवणार!

प्रयोगशाळा तिच्या बाबाची होती. त्याला त्या सातांत रस नव्हता. त्याला हवी होती हातचूक. एखादा माणूस सांगायचा, मला डावं दाबायचं होतं, उजवं कसं दाबलं गेलं कळलंच नाही. दुसरीकडे अशी उत्तरं सरळ बाद करतात. बाबा मात्र त्यांची वेगळी वही ठेवायचा. अकरा वर्षांत नऊ वह्या भरल्या होत्या. त्याचं म्हणणं असं, की मेंदूच्या पेशींतल्या बारीक नळ्यांमध्ये एखाद्या कणाचं शेवटपर्यंत ठरलेलं नसतं, इकडे जायचं की तिकडे. तो कलंडतो आणि हात वळतो. हाच तो क्वांटमचा खेळ, आणि माणूस मोकळा असेल तर इथेच. मावशींना हे मुळीच पटत नसे. डोकं म्हणजे उकळतं पातेलं, त्यात असलं नाजूक काही टिकेलच कसं? आणि कणानेच ठरवलं, तर माणसाने काय ठरवलं? यावर बाबा नुसता चष्मा पुसायचा.

तो वाद का घालत नाही, हे मुलीला माहीत होतं. घरात कुणी बोलत नसे, तरी सगळ्यांनाच माहीत होतं. ती पाच वर्षांची असताना तळ्यात नाव उलटली. बाबाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तिची जुळी बहीण. बाबाचा एक खांदा निखळलेला. हात एकच उरला होता.

त्याने हिला धरलं.

तेव्हापासून ती निवडलेली मुलगी होती. निवडलेल्या मुलीला रडतराऊत राहून कसं चालेल? ती वर्गात पहिली यायची, धावण्यात ढाली आणायची, साधा ताप आला तरी अपराध्यासारखी अंथरुणात पडायची. आणि रोज सकाळी आरशात बहीण उभी असायची. ओळखू याव्यात म्हणून आई दोघींचे भांग उलट बाजूंना पाडायची. आरशात हिचा भांग बाजू बदलायचा आणि ती यायची. तीही सोळाची झाली होती. तिच्याही हनुवटीवर पुटकुळी आली होती. बोलायची काही नाही, नुसती विचारल्यासारखी बघायची. तुझ्यात असं काय होतं गं?

आज मुलीने ठरवूनच टाकलं होतं. एकदा विचारायचंच.

तिने शांतपणे उजवं बटण दाबलं. तिला उजवंच दाबायचं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "मला डावं दाबायचं होतं."

धादांत खोटं. बाबाची पेन्सिल थांबली. त्याने विचारलं, नक्की? ती म्हणाली, शंभर टक्के. मावशींनी दोघांकडे पाहिलं आणि काहीतरी आणायचं निमित्त काढून त्या बाहेर गेल्या.

"त्या दिवशीही असंच झालं ना? तू मला निवडलं नव्हतंस. हात आपोआप आला."

हे ती त्याला सोडवण्यासाठी म्हणाली. पण आतून तिला अगदी उलटं हवं होतं. त्याने रागवावं, टेबलावर हात आपटावा, म्हणावं की काहीतरी बरळू नकोस, मी तुलाच निवडलं. मग बहिणीला द्यायला तिच्याकडे एक उत्तर असतं.

बाबा रागावला नाही. त्याचे खांदे हळूहळू खाली आले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल पडला. त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि तो रडू लागला, बरं वाटल्यावर माणूस रडतो तसा.

"हो गं बाळा," तो म्हणाला. "मी तिलाच धरायला गेलो होतो."