दहातले दोन

खेळाडू वाटून घ्यायच्या आठव्या, शेवटच्या फेरीत फळ्यावर एकच नाव उरलं होतं. प्रांजल, पासली. उपेंद्रसरांनी सुस्कारा सोडला, चष्मा पुसला आणि नाइलाजानं बोट वर केलं. भोर तालुका महिला बास्केटबॉल लीगच्या बाकी पाच संघमालकांनी त्यांच्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. सहानुभूती फुकट असते, म्हणून भोरमध्ये ती भरपूर मिळते.

सर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत. ‘वेळवंडी वाघिणी’ हा संघ त्यांचा होता, आणि ज्या समितीनं चाचणी घेऊन सगळ्या मुलींना गुण दिले तिचे सचिवही तेच होते. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलं नाही, कारण गावात जो तो कुठल्या ना कुठल्या समितीवर असतोच. चाचणीत प्रांजलनं दहा चेंडू टाकले होते. नऊ रिंगमधून गेले. त्या रिंगखाली सर एकटेच उभे होते. कुठं शिकलीस, असं त्यांनी विचारलं, तर म्हणाली, शेरडांमागं धोंडे मारून. सर कौतुकानं हसले आणि तक्त्यातल्या ‘नेम’ या रकान्यात त्यांनी दोन लिहिले.

दोनवाली पोरगी कोण उचलणार? कामथडीच्या गेल्या, सारोळ्याच्या गेल्या, एका मालकाची भाची गेली, तिला चेंडूची भीती वाटायची तरी गेली. प्रांजल घरंगळत घरंगळत आठव्या फेरीत आली आणि सरांच्या ओंजळीत पडली.

वाघिणी एकेक सामना जिंकत निघाल्या. प्रांजल लांबून टाकी आणि चेंडू आत जाई. तरी तक्ता चुकला असेल अशी शंका कुणालाही आली नाही. दोन गुणांची पोर सरांनी घडवली, असंच लोक म्हणू लागले. सरांनी ते नाकारलं नाही. ज्येष्ठ नागरिकांपुढे त्यांनी ‘शेवटच्या फेरीतलं सोनं’ या विषयावर व्याख्यानही दिलं. दगडातला हिरा ओळखायला नजर लागते, असं ते म्हणाले. दगड कोणता हे कळावं म्हणून प्रांजलला पहिल्या रांगेत बसवलं होतं.

अंतिम सामन्याच्या सकाळी तो तक्ता मैदानावरच्या फलकावर लागला. जिल्ह्याच्या शिबिरासाठी त्यावरूनच नावं जाणार होती. नेमात पाचाच्या खाली असलेल्या मुलीचं नाव निवडीला आलेल्या नीरजा मॅडमनी वाचायचंसुद्धा नव्हतं. शिबिरातून जिल्ह्याचा संघ आणि तिथून खेळाच्या कोट्यातून पोलीस भरती, असा प्रांजलचा रस्ता होता. दुसरा रस्ता परत शेरडांमागं जायचा. शिबिराच्या वयात तिचं हे शेवटचं वर्ष होतं.

ती सरांकडे गेली. “सर, नऊ गेलं व्हतं. तुमी दोन लिवल्यात.”

सरांच्या डोक्यात गणित लगेच सुटलं. नऊ लिहिले तर पुढच्या वर्षी ही पहिल्याच फेरीत दुसऱ्याच्या दारात जाईल.

“हे बघ बाळ, कागदावर आलं ते आलं,” ते म्हणाले. “कागद खोटा पाडून चालत नाही.”

“बरं,” प्रांजल म्हणाली. “न्हाई पाडत.”

सामना सुरू झाला. प्रांजलचे पहिले दोन चेंडू रिंगमधून गेले. तिसरा गेला नाही. रिंग ज्या बोल्टांनी फळीला आवळलेली होती त्यातल्या डाव्या, गंजलेल्या बोल्टवर तो आपटला आणि खाली उभ्या असलेल्या, तिच्याच संघातल्या श्रावणीच्या हातात पडला. श्रावणीनं जवळून तो आत टाकला. चौथाही त्याच बोल्टवर. पाचवाही. सहाव्यापासून श्रावणी जागची हललीच नाही, हलायची गरज नव्हती. असे आठ झाले. दहा टाकून झाल्यावर प्रांजलनं पुन्हा रिंगकडे पाहिलं नाही, नुसते पास देत राहिली. वाघिणी सहा गुणांनी जिंकल्या.

बक्षिसांच्या टेबलापाशी नीरजा मॅडम तक्ता घेऊन उठल्या. या पासलीच्या मुलीला नेमात दोन कुणी दिले, असं त्यांनी विचारलं.

गप्प बसणारा माणूस इथं वाचला असता. पण सरांच्या हातात माइक होता, आणि हातात माइक असलेला भोरकर गप्प बसल्याचं उदाहरण नाही.

“मीच दिले, मॅडम,” सर म्हणाले. “रिंगखाली मी एकटाच होतो. आज तुमच्यादेखत तिनं दहा टाकले, बरोबर दोन गेले. तंतोतंत.”

टाळ्या पडल्या. मॅडमनी त्या संपू दिल्या.

“गेलेले मोजलेत, सर. न गेलेले कुठं लागले ते पाहिलंत का?”

सरांनी पाहिलं नव्हतं. मॅडमनी तक्ता उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूला प्रांजलचं नाव लिहिलं आणि मग तिला विचारलं, आठ चुकले कसे.

प्रांजल माइकपासून लांब उभी होती, तरी सगळ्यांना ऐकू आलं. बोलताना ती मॅडमकडे नाही, सरांकडे बघत होती.

“चुकलं कुठं, मॅडम? शेरडाला धोंडा लागला तर आमचा बा म्हणतो, नेम चुकला. अंगाला न लागता शेजारी पडला पायजे. मंग ते आपल्याला पायजे तिकडं मुकाट वळतं.”